डीएनडीत नंबर घातला, मग हे फोन कुणाचे?

वाचकांचं पत्र, थोडक्यात : एका ताईंनी काही महिन्यांपूर्वी आपला नंबर डीएनडीमध्ये, म्हणजे जाहिरातीचे फोन-मेसेज नकोत असं सांगणाऱ्यांच्या सरकारी यादीत, नोंदवला. सुरुवातीला बरं वाटलं, पण हळूहळू पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, प्लॉट, शेअर बाजाराच्या टिप्स असं सगळं पुन्हा सुरू झालं. वैतागून त्यांनी अनोळखी नंबर उचलणंच सोडून दिलं. त्या नादात सासऱ्यांच्या तपासणीबद्दल लॅबमधून आलेला फोन चुकला आणि घरात बोलणी खावी लागली. दिरांचं म्हणणं असं, की नोंदणीमुळेच नंबर चालू असल्याचं कंपन्यांना कळलं आणि फोन वाढले. नाव काढून टाका, नाहीतर सरळ नंबर बदला. शिवाय सासऱ्यांच्या मोबाइलवर ‘तुमचं केवायसी बंद पडलंय’ म्हणणारे फोन येतात, ते वेगळंच. ताई विचारतात, डीएनडीचा खरंच उपयोग होतो का, की ते नुसतं मनाचं समाधान? नाव ठेवू की काढू?

उत्तर :

ताई, नाव काढू नका आणि नंबरही बदलू नका. तुमचा वैताग मात्र शंभर टक्के रास्त आहे. भर दुपारी हातातलं काम टाकून फोन घ्यावा आणि पलीकडून दोन क्षण शांतता, मग एकदम ‘मॅडम, आपके लिए प्री-अप्रूव्ड लोन’. ती शांतताही उगाच नसते. मशीन एका वेळी अनेक नंबर फिरवत असतं आणि कुणी उचललं की तो कॉल मोकळ्या माणसाकडे ढकलतं. तुम्ही ‘हॅलो, हॅलो’ म्हणत असता तेव्हा तिकडे अजून कुणी हेडफोनसुद्धा कानाला लावलेला नसतो.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. डीएनडी म्हणजे फोन अडवणारी भिंत, आणि फोन येतोय म्हणजे भिंत पडली. ती भिंत नाहीच. ती एक यादी आहे. जो विक्रेता नियमाने धंदा करतो, त्याच्या यादीतून तुमचा नंबर वगळायला लावणं, एवढंच तिचं काम. टेलिकॉम कंपनीकडे रीतसर नोंद केलेला टेलिमार्केटर जाहिरातीचे मेसेज किंवा कॉल सोडतो तेव्हा त्याची यादी आधी डीएनडीच्या नोंदींशी ताडली जाते आणि तुमचा नंबर तिथेच गळतो. हे काम यंत्रणेत बऱ्यापैकी होतं. अडचण अशी, की जे फोन आलेच नाहीत ते मोजता येत नाहीत. आपण मोजतो ते आलेले.

म्हणून ‘फोन बंद का झाले नाहीत?’ यापेक्षा ‘आता जे येतायत ते कुणाचे?’ हा प्रश्न जास्त कामाचा. नोंदणी नसेल तर हे कळायला मार्ग नसतो, कारण सगळेच एकत्र वाजत असतात. नोंदणी केली की नियम पाळणारे बाजूला होतात, आणि जे उरतात त्यांतल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

आधी दिरांच्या शंकेचं बघू, कारण ती पुष्कळ घरांत ऐकू येते. डीएनडीची यादी टेलिमार्केटरच्या हातात दिली जात नाही. तो आपली यादी देतो आणि ती गाळून मिळते. ऑस्ट्रेलियातही असंच, विक्रेता यादी पाठवतो आणि ती ‘धुऊन’ परत येते. आणि ज्याला चालू नंबर हवेत त्याला सरकारी यादीची गरजच काय? दहा अंकांचे नंबर ओळीने फिरवायला सॉफ्टवेअरला किती वेळ लागतो! नंबर चालू आहे हे त्याला कळतं ते तुम्ही फोन उचलता, ‘नको म्हणून सांगितलं ना’ म्हणून चिडता किंवा ‘यादीतून नाव काढण्यासाठी ९ दाबा’ म्हटल्यावर ९ दाबता तेव्हा. दीर हुशार दिसतात, पण इथे त्यांनी चुकीचा संशयित पकडलाय.

खरा संशयित बहुधा तुमच्या स्वतःच्या बोटाखालून गेलाय. रागावू नका, आपल्या सगळ्यांचंच तसं होतं. मधल्या काळात कुठे कर्जाचे व्याजदर पाहिले का? गाडीच्या किंवा आरोग्य विम्याचं कोटेशन काढलं? घर शोधायच्या साइटवर ‘मालकाशी संपर्क’ हे बटण दाबलं? ‘तुमचा क्रेडिट स्कोअर मोफत बघा’ अशा जाहिरातीला गेलात? तसं असेल तर तो फॉर्म पुन्हा उघडा आणि ‘पुढे चला’ या मोठ्या रंगीत बटणाच्या खाली बघा. मुंगीएवढ्या अक्षरांत एक वाक्य असतं. त्याचा मतलब साधारण असा : ‘माझा नंबर डीएनडीमध्ये नोंदवलेला असला तरी ही कंपनी, तिच्या सहयोगी कंपन्या आणि भागीदार यांनी मला फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप व ईमेलद्वारे संपर्क करण्यास माझी संमती आहे.’ शेजारच्या चौकटीत टिक आधीच मारलेली असते. काही ठिकाणी चौकटही नसते, बटण दाबलं हीच संमती.

यातला एकेक शब्द वकिलाने तोलून घातलेला आहे. ‘डीएनडीमध्ये असला तरी’ हे शब्द मुद्दाम, कारण नियमांत तुमची स्पष्ट संमती तुमच्या डीएनडीच्या वर बसते. ‘भागीदार’ हा शब्द तर रबरासारखा. एका ठिकाणी दिलेला नंबर पाच ठिकाणी जातो तो याच शब्दातून. म्हणजे डीएनडीत ‘नको’ आणि फॉर्मवर ‘हो’ असं दोन्ही तुमच्या नावावर असतं, आणि कंपनी आपल्या सोयीचं दाखवते. अशी ढोबळ, सगळ्यांना एकदम वाटलेली संमती खरोखर संमती मानावी का, यावर वाद घालता येईल. माझं स्वतःचं मत, मानू नये. पण त्या वादाचा निकाल लागेपर्यंत फोन वाजतच राहणार.

याला उपाय आहे, थोडा कंटाळवाणा. ज्या ॲपवर किंवा साइटवर नंबर दिला तिथे सेटिंग्जमध्ये जाऊन जाहिरातीच्या संपर्काची परवानगी काढून टाका. खातंच नको असेल तर ते बंद करा. आणि त्यांच्या ग्राहक सेवेला दोन ओळींचा ईमेल पाठवा : ‘माझ्या या नंबरवर जाहिरातीचे फोन व मेसेज करण्यासाठी दिलेली संमती मी मागे घेत आहे. ज्यांना माझा नंबर दिला त्यांनाही कळवावे.’ फोनवर सांगितलेलं हवेत विरतं, ईमेल उरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क मान्य केलाय. यापुढे फॉर्म भरताना नंबराच्या चौकटीत लाल तारांकन नसेल तर ती रिकामी सोडायची. असेल तर त्या कोटेशनची आपल्याला खरंच गरज आहे का, एवढा विचार करायचा.

आता दुसरे उरलेले. साध्या दहा अंकी मोबाइल नंबरवरून फोन करून प्लॉट, लोन नाहीतर टिप्स विकणारे. हे नोंदणीच करत नाहीत, त्यामुळे त्यांची यादी कुठेच ताडली जात नाही. नियम असा आहे, की जाहिरातीचा कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच यायला हवा आणि बँक, विमा अशा वित्तसंस्थांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ही मालिका ठेवलेली आहे. साध्या सिमवरून कुणी काही विकू लागला की तो तिथेच नियमाबाहेर गेला, मग बोलणं कितीही गोड असो. (१४० दिसलं की लोक उचलत नाहीत, म्हणूनच हे साधं सिम वापरतात. नियमाने वागणाऱ्याचंच नुकसान, अशी ही गंमत.)

यांच्यावर औषध एकच, तक्रार. ‘तक्रारीने काय होतं’ असं तुम्ही म्हणणार. २०२५ च्या फेब्रुवारीत ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, नियम बदलले ते पाहा. पूर्वी ३ दिवसांत तक्रार करावी लागे, आता ७ दिवस मिळतात. पूर्वी एखाद्या नंबराविरुद्ध ७ दिवसांत १० तक्रारी आल्या तर कारवाई सुरू व्हायची, आता १० दिवसांत ५ पुरतात. बेनोंदणी नंबरांवर कारवाईला ३० दिवसांची मुदत होती, ती ५ दिवसांवर आली. पहिल्या वेळी त्या नंबरावरून बाहेर जाणारे कॉल १५ दिवस बंद, पुन्हा सापडला तर वर्षभर सगळी कनेक्शनं तोडायची. आणि अशा बेनोंदणी विक्रेत्याविरुद्ध तक्रार करायला स्वतःचा नंबर डीएनडीत असण्याची अटही आता राहिलेली नाही.

पाच तक्रारी. म्हणजे तुम्ही एक केलीत तर राहिल्या चार. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत बेनोंदणी टेलिमार्केटरविरुद्ध देशभरातून ७.९ लाख तक्रारी आल्या. आकडा मोठा वाटतो खरा, पण देशातली मोबाइल कनेक्शनं शंभर कोटींच्या वर आहेत. म्हणजे बहुतेक जण तुमच्यासारखेच मनात चार शिव्या घालून नंबर ब्लॉक करतात आणि पुढच्या कामाला लागतात. ब्लॉक केल्याने तुमचा फोन शांत होतो, पण त्याचं सिम चालूच राहतं आणि तो पुढच्या माणसाला लागतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्रायने कडक आदेश काढल्यावर थोड्याच दिवसांत पावणेतीन लाख नंबर तोडले गेले. जोर लावला की हालतं, पण तो जोर तक्रारींतूनच येतो.

तक्रार करायची ट्रायच्या डीएनडी ॲपवरून, नाहीतर तुमच्या टेलिकॉम कंपनीच्या ॲपवरून, नाहीतर १९०९ ला फोन किंवा एसएमएस करून. कुठल्या नंबरवरून, कोणत्या तारखेला, कशाबद्दल, एवढं लागतं. कॉल लॉग समोर असताना मिनिटभराचं काम आहे. समोरच्याने कंपनीचं नाव सांगितलं असेल तर तेही लिहा. तेवढ्यासाठी दहा सेकंद शांतपणे ऐकून ‘कुठून बोलताय?’ विचारलं तर हरकत नाही. त्यापुढे बोलू नका. भांडूही नका. तिकडे बसलेला पोरगा दिवसाला शेकड्यांनी फोन लावतो, तुमच्या रागाने त्याच्या मालकाचं काही बिघडत नाही.

हे करताना तुमची नोंदणी नेमकी कशी झालीय तेही तपासा. डीएनडीत दोन प्रकार असतात. सगळंच बंद, किंवा बँकिंग, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा वर्गांतलं हवं ते चालू ठेवून बाकीचं बंद. घाईत पुष्कळजणांकडून दुसरा पर्याय दाबला जातो. सगळं बंद करायचं तर इंग्रजीत ‘स्टार्ट ०’ असं लिहून १९०९ वर एसएमएस पाठवतात. ओटीपी, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज, रिझर्व्हेशनचा मेसेज हे याने थांबत नाहीत, ती भीती बाळगू नका. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता इंग्रजी अक्षर असतं : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. सगळं बंद असताना ‘पी’ आलं तर एकतर कुठेतरी तुमची संमती पडलेली आहे किंवा तक्रारीला जागा आहे. नोंदणी नंबरागणिक वेगळी होते, सासऱ्यांची त्यांच्या नंबरावरून करावी लागेल. आणि व्हॉट्सॲपवर येणारा कचरा डीएनडीच्या कक्षेत येतच नाही. तिथे ॲपमध्येच अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय आहे, ती वापरा.

अशा याद्या इतर देशांतही आहेत आणि तिथली रड साधारण हीच. अमेरिकेत २००३ मध्ये राष्ट्रीय डू नॉट कॉल यादी सुरू झाली. टेलिमार्केटिंगवाले कोर्टात गेले, एका न्यायाधीशाने यादी काढणाऱ्या सरकारी खात्याला तसा अधिकारच नाही असं म्हटलं, तर संसदेने दोन दिवसांत कायदा मंजूर करून तो अधिकार देऊन टाकला. बाकी कुठल्याही विषयावर एकमत न होणारी मंडळी! यादी मोडणाऱ्यांना दंडही दणदणीत झाले. एका उपग्रह टीव्ही कंपनीने २०२० मध्ये २१ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तरी तिथे आजही रोबोकॉलचा, म्हणजे मशीनने लावलेल्या, रेकॉर्ड केलेल्या आवाजातल्या फोनांचा सुळसुळाट आहे, कारण इंटरनेटवरून परदेशातून खोटा नंबर दाखवून फोन करणाऱ्याला दंडाची नोटीस पोचवायची कुठे? शिवाय राजकीय प्रचार, धर्मादाय संस्था आणि सर्वेक्षणं यांना तिथे सूट आहे. कायदा करणाऱ्यांनी स्वतःला बरोबर वगळलं, हे लक्षात आलंच असेल.

फ्रान्सचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. त्यांनी २०१६ मध्ये ‘ब्लॉकटेल’ नावाची अशीच यादी काढली, लोकांनी नावं घातली, फोन येतच राहिले. शेवटी २०२५ मध्ये त्यांनी कायदा केला, की ग्राहकाने आधी संमती दिलेली नसेल तर विक्रीसाठी फोनच करायचा नाही. ऑगस्ट २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. जर्मनीत तर आधीपासूनच उलटा हिशेब : ‘नको’ म्हणणाऱ्यांची यादी नाही, ‘हो’ म्हटल्याशिवाय फोन नाही. मला हीच रीत योग्य वाटते. ज्याला त्रास नको त्यानेच रांगेत उभं राहून नाव का नोंदवायचं? पण त्यातही संमती कशाला म्हणायचं, हा प्रश्न उरतोच, आणि तो पुन्हा त्या मुंगीएवढ्या अक्षरांपाशी येतो.

सासऱ्यांना येणारे केवायसीचे फोन या सगळ्यापेक्षा वेगळे, आणि त्यांच्यापुढे डीएनडी शून्य आहे. चोरी करायला निघालेला माणूस यादी बघत बसत नाही. त्यांच्यासाठी घरात एकच नियम ठेवा. पैसा, केवायसी, पोलीस, पार्सल यातलं काहीही निघालं की फोन ठेवायचा आणि बँकेला स्वतः लावायचा, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. नंबर १६०० ने सुरू झाला तरी ओटीपी किंवा पिन सांगायचा नाही. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं सोंग घेऊन ‘डिजिटल अरेस्ट’ केल्याचं सांगतात, तशी अटक कायद्यात कुठेही नाही, हे त्यांना एकदा शांतपणे समजावून ठेवा. भीती घालू नका, भ्यायलेलं माणूसच फसतं. असा संशयास्पद फोन आला की संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षु’ सुविधेत कळवा. पैसे गेलेच तर क्षणभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आणि फोन आल्याचं त्यांनी सांगितलं की ‘तुम्ही उचललातच कशाला?’ असं कुणी म्हणू नये, दिरांनीसुद्धा नाही. एकदा बोलणी बसली की पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

राहिला तुमचा चुकलेला फोन. अनोळखी नंबर उचलायचाच नाही हा नियम आजारी माणूस असलेल्या घरात चालत नाही. लॅब, दवाखाना, शाळा यांचे नंबर आजच नावाने सेव्ह करा आणि त्यांना सांगा, की फोन लागला नाही तर मेसेज टाका. मोबाइलमधल्या डू नॉट डिस्टर्बमध्ये (हे आणि सरकारी डीएनडी यांचा काही संबंध नाही, अनेकांचा घोळ होतो) सेव्ह केलेले नंबर वाजू द्यायची सोय असते, आणि तोच माणूस थोड्या वेळात पुन्हा फोन करत असेल तर तो कॉल वाजू द्यायचीही. काम असलेला माणूस पुन्हा लावतोच, विकणारा सहसा पुढच्या नंबरावर जातो. फोन कुणाचा ते दाखवणारी ॲप उपयोगी पडतात, पण त्यांतली काही तुमची अख्खी संपर्कयादी मागतात. ती देणं म्हणजे आपल्या आप्तांचे नंबर त्यांना न विचारता वाटणं, तेवढी परवानगी नाकारा.

नंबर बदलण्याबद्दल इतकंच, की नवा नंबर नवा असेलच असं नाही. बंद झालेले नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिले जाऊ शकतात. तुमच्याकडे आधीच्या माणसाचे वसुलीवाले येतील, आणि तुमचा जुना नंबर बँकेत किंवा आणखी कुठे जोडलेला राहिला असेल तर तिथले मेसेज परक्या हातात जातील. त्यापेक्षा महिनाभर तक्रारी करून बघा.

काही तक्रारी फेटाळल्या जातील, तेव्हा खट्टू होऊ नका. उत्तरात ‘ग्राहकाची संमती आहे’ असं कारण आलं तर ते कामाचं आहे. संमती कुणाच्या नावावर दाखवलीय ते टेलिकॉम कंपनीला लेखी विचारा. नाव कळलं, की वरचा दोन ओळींचा ईमेल आधी त्यांना पाठवा.